पहिली चाल आपली म्हणून डाव आपला? कुणी सांगितलं!

‘गेम थिअरीचे ३ नियम’ असा एक मेसेज फिरतोय. (गेम थिअरी म्हणजे आपला फायदा समोरच्याच्या चालीवरही अवलंबून असतो अशा डावांचं गणित.) पहिली चाल करणारा जिंकतोच. आधीच जबर धमकी द्या, समोरचा माघार घेतो. शेवटापासून उलटा विचार केला की समोरच्याची चाल अचूक कळते. भाची हे पाठ करून पगाराच्या बोलणीला निघाली, तेव्हा मात्र राहवेना.

पहिला नियम काड्यांवर तपासा. २० काड्या; आळीपाळीने १, २ किंवा ३ उचलायच्या; शेवटची उचलेल तो जिंकला. इथे पहिला हरतो, कारण तो उचलेल त्यात भर घालून दुसरा दर फेरीला ४ पुरे करतो. २१ काड्या ठेवा, पहिला १ उचलतो आणि जिंकतो. उत्पादन किती काढायचं हे आधी ठरवणाऱ्या कंपनीला फायदा होतो, हे अर्थतज्ज्ञ श्टाकेलबर्गने १९३४ मध्येच मांडलंय, तेवढं कबूल. ‘जिंकतोच’मधला ‘च’ कुठून आला?

धमकीचा नियम मात्र नुकसान करणारा. जुनी कंपनी, नवी बाजारात यायच्या विचारात. नवी आली नाही तर जुनीला नफा १०, नवीला ०. आली आणि जुनीने जुळवून घेतलं तर दोघींना ४-४. जुनी भाव पाडून लढली तर तिला १, नवीला उणे २. जुनी बजावते, ‘आलात तर लढू.’ पण नवी आत आल्यावर जुनीपुढे ४ की १ एवढाच प्रश्न उरतो. ती लढेल कशाला? अर्थतज्ज्ञ राइनहार्ट झेल्टेनने १९६५ मध्ये नेमकं हेच पकडलं: सगळ्या शक्य चालींचं झाड काढलं, तर त्याच्या प्रत्येक फांदीवर, तिथे पोचल्यावरही, ती चाल फायद्याची ठरायला हवी. त्यासाठी त्याला १९९४ चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

धमकी खरी करायची तर स्वतःचे हात बांधावे लागतात. ‘जुळवून घेतलं तर जप्त’ अशी ४ ची अनामत ठेवली, तर जुळवून घेण्यात ० उरतात, लढण्यात १. २ ची ठेवली तर धमकी पोकळच. ३ च्या वर हवी. शिवाय ती नवीच्या चालीआधी ठेवलेली, तिला दिसणारी आणि परत न घेता येणारी हवी. आणि नवीबद्दलचा आपला अंदाज चुकला, लढाईतही तिला उणे २ ऐवजी १ मिळत असेल, तर ती येणारच. मग बांधलेल्या हातांनी लढत बसा.

तिसरा नियम: उलटा विचार करायलाच हवा, पण समोरचाही तसाच करतो हे गृहीत आहे. मॅकेल्वी आणि पालफ्रे यांच्या १९९२ च्या प्रयोगात दोघांपुढचा पैशांचा ढीग दर चालीला वाढायचा. जो डाव थांबवेल त्याला मोठा वाटा. शेवटच्या चालीला समोरचा थांबवणार, म्हणून त्याआधी आपण, त्याआधी तो; अशा उलट्या हिशेबाने पहिल्याच चालीत थांबायला हवं. ४ चालींच्या डावात तसे थांबले फक्त ७ टक्के. मेसेजच्या मते उरलेले ९३ टक्के वेडेच असणार.