हॉर्न मारून गाडी चढत नाही

चढावर पुढची गाडी बंद पडली की मागून हॉर्नवर तळहात दाबून धरणाऱ्यांनो, त्याने होतं काय? इंजिन तुमच्या आवाजाने चालू होतं? पुढे बसलेल्या बाईला कळलेलं नाही का, की गाडी बंद पडलीय? तिला कळलंय. तुमच्या आधी कळलंय. ती क्लच दाबून परत स्टार्ट मारतेय. तिला दोन-तीन सेकंद हवेत. तेवढे द्या आणि गप्प बसा.

मी यंदा गिअरची गाडी घेतली. दीड लिटरचं टर्बो पेट्रोल, सहा गिअर, स्पोर्ट्स सस्पेन्शन. पैसे साठवून, मला हवी होती म्हणून घेतली. इतकी वर्षं ऑटोमॅटिक चालवली, आता क्लच शिकतेय. गाडी बंद पडते. पडणारच! शिकणाऱ्याची गाडी बंद पडण्यात लाजण्यासारखं काही नाही आणि मला लाज वाटतही नाही. राग येतो. पुण्यात पौड रोडने कोथरूड डेपो सोडून चांदणी चौकाकडे चढायला लागलं की रोज येतो.

त्या दोन-तीन सेकंदांत काय चाललेलं असतं ते ऐका. इंजिन मिनिटाला आठशे-नऊशे फेरे मारत असतं आणि चाकं ठप्प उभी असतात. या दोघांची गाठ क्लच प्लेटने घालायची असते. प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला, हळूच टेकवायची, थोडी घसरू द्यायची, गाडी उचलायला लागली की पाय तिथेच क्षणभर रोखायचा, रेस द्यायची आणि मग उरलेला क्लच सोडायचा. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. अशा इंजिनात फेरे कमी असताना जोर कमी असतो, टर्बो फिरायला लागला की एकदम येतो. म्हणजे रेस कमी पडली की गाडी बंद, जास्त झाली की उडी. त्यातून अशा बऱ्याच गाड्यांना ड्युअल मास, म्हणजे मधे स्प्रिंग असलेलं दोन भागांचं फ्लायव्हील असतं. ते इंजिनाची थरथर गिळून टाकतं, त्यामुळे क्लच नेमका कुठे पकडतोय हे पायाला पटकन जाणवत नाही. कानाने ओळखावं लागतं. क्लच पकडला की इंजिनाचा आवाज किंचित बसतो, तो ऐकायचा असतो. आणि नेमका तोच आवाज तुम्ही हॉर्नखाली चिरडून टाकता!

मग काय होतं? माणूस दचकतो, नको तेवढी रेस देतो, अर्धा क्लच धरून ठेवतो, आणि प्लेट जळते. तो जळका वास सगळ्यांनी घेतलेला आहे. नवी क्लच प्लेट फुकट बसत नाही, हजारोंचं बिल येतं. ते काय हॉर्न मारणारा भरणार आहे?

बरं, हॉर्न एक वेळ सहन करेन. पण चिकटता कशाला? चढावर गाडी थोडी मागे येते. येऊ नये म्हणून माझ्या गाडीत हिल होल्ड आहे, ब्रेकवरून पाय काढल्यावर ते साधारण दोन सेकंद गाडी धरून ठेवतं. म्हणजे यंत्राला समजतं की माणसाला दोन सेकंद लागतात. मागच्या माणसाला नाही समजत. आरशात बघावं तर त्याचं बॉनेट दिसतच नाही, थेट त्याचं तोंडच दिसतं. दोन गाड्यांच्या मधे वीतभर फट राहिली तर तिच्यात स्कूटर तिरकी घुसते, चालवणाऱ्याचा गुडघा माझ्या बंपरला. माझी गाडी हातभर मागे आली तर त्याचा पाय मोडेल. आणि तो तिथे उभा राहून मला हातवारे करतो! मी मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवलाय, ‘गिअर शिकत आहे, अंतर ठेवा’. तो वाचता येईल इतके ते जवळ असतात. वाचतात, आणि तिथेच उभे राहतात.

अंतर ठेवायचं हे मी सांगत नाही, वाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमावलीत लिहिलंय. विनाकारण हॉर्न वाजवला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ एफ खाली पहिल्यांदा १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे. हेल्मेटवरून कोणी चुकून का होईना अडवतं. हॉर्नवरून आजवर कोणाला अडवलेलं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

आणि मी क्लच आत्ता का शिकतेय? ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवला नाही म्हणून. मी क्लास लावला होता, पूर्ण फी भरून. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत हलक्या वाहनाचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं हवं, प्रत्यक्ष चालवणं किमान १० तासांचं हवं. आमच्या सरांनी अर्धा वेळ फोनवर बोलण्यात घालवला आणि उरलेला वेळ मला त्याच दोन सपाट गल्ल्यांतून फिरवलं. गाडीला नियमाप्रमाणे दुहेरी पेडल, म्हणजे सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक. ते अपघात टाळायला असतात. सरांनी त्यांवर पाय ठेवलेला तो उतरेपर्यंत काढला नाही. ‘सोडा, सोडा, हळू सोडा’ असं मला म्हणायचे आणि खाली क्लच स्वतः सोडायचे. मला वाटायचं मी चालवतेय. चालवत होते ते. म्हणजे मी पैसे दिले स्टिअरिंग धरून बसायचे! चढावर थांबून, मागे न येऊ देता गाडी पुन्हा काढता आली पाहिजे, हे त्याच नियमांतल्या लायसन्सच्या परीक्षेत स्पष्ट लिहिलंय. आमच्या क्लासला चढ कधी लागलाच नाही. शिकवलं एवढंच, की क्लचवर पाय ठेवूनच चालवत राहा. ही तर गाडीची वाट लावायची सवय.

ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्स ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं. आपल्याकडे कारचं लायसन्स एकच, गिअरची असो की ऑटोमॅटिक. मग निदान शिकवा तरी सगळं.

यावर प्रत्येकाकडे एकच औषध आहे. शोरूममध्ये, ‘मॅडम, तुमच्यासाठी ऑटोमॅटिक बेस्ट.’ माझ्यासाठी का? माझ्या शेजारी माझा भाऊ उभा होता, त्याला नाही म्हणाले. लिफ्टमध्ये काका, ‘अगं, या ट्रॅफिकमध्ये कशाला गिअरची घेतलीस?’ कारण मला गिअर टाकायला आवडतं, काका. तिसरा टाकून वळण घ्यायला आवडतं. ताम्हिणी घाटात वळणाआधी दुसरा टाकताना थोडी रेस देऊन इंजिनाचे फेरे जुळवायचे आणि गाडीने जराही झटका द्यायचा नाही, हे मला शिकायचंय. फेरारीने गिअरच्या गाड्या केव्हाच बंद केल्या. बीएमडब्ल्यूची एम२ अजून सहा गिअरची मिळते, ती कोटीच्या घरात. माझ्या खिशाला परवडणाऱ्या, जोरकस इंजिनाच्या आणि तीन पेडलच्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. मी त्यातली एक विकत घेतली तर लोकांना त्याचा त्रास का व्हावा?

आणि हे कुठल्या शहरात? पिंपरीत, आकुर्डीत, चाकणला गाड्या बनतात. गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय १९६६ पासून इथे आहे, कोथरूडच्या टेकडीवर. घराघरांत एक माणूस गाड्यांच्या कुठल्यातरी कंपनीत आहे. आणि नव्या माणसाला शांतपणे क्लच सोडून बघायला एक मोकळा, थोडासा चढाचा रस्ता नाही. मैदानांना कुलूप, टेकडीवर गाड्यांना बंदी (ती हवीच, तिथे गाडी नेऊही नये), पाषाण-सूसला पहाटे गेलं तरी टँकर मागे लागतात.

शेवटी राहिला आमच्या सोसायटीचा बेसमेंटचा रॅम्प. चांगला खडा चढ आहे, वर वळणही आहे, शिकायला याहून योग्य जागा नाही. दुपारी अडीचला तिथे चिटपाखरू नसतं. तिथे जरा सराव केला तर वॉचमन शिट्टी मारत पळत आला, आणि संध्याकाळी सेक्रेटरींचा ग्रुपवर मेसेज, ‘रॅम्पवर प्रॅक्टिस करू नये.’ त्याच रॅम्पवर गणपतीत पोरं स्केटिंग करतात तेव्हा कोणाची शिट्टी वाजत नाही. मी महिन्याचा मेंटेनन्स वेळेवर भरते. पार्किंगचे वेगळे पैसे भरलेत. मला रविवारी दुपारी एक तास तो रॅम्प हवाय, वॉचमनला वर उभं करून, कोणाची वाट न अडवता. कमिटीकडे लेखी अर्ज दिलाय. उत्तरही लेखीच द्या, आणि नाही म्हणायचं असेल तर त्यात कारण लिहा.