भाडं आपलं, गळती खालच्याची

दुसरं घर घेताय? घ्याच. राहायला एक आहे, मुदतठेवीच्या व्याजात काही राम उरलेला नाही, बाजार खाली आला की तुमचं ब्लडप्रेशर वर जातं, आणि साडूचा फ्लॅट म्हणे स्वतःचा हप्ता स्वतःच फेडतो. एवढं सगळं जुळून आल्यावर मागे हटणं बरं नाही. घर भाड्याने देऊन निवांत कसं राहायचं, याचे चार सल्ले माझ्याकडे आहेत. ते माझ्या डोक्यातले नाहीत, डोक्यावरचे आहेत. माझ्या वरचा फ्लॅट एका गुंतवणूकदार गृहस्थांचा आहे. ते दुसऱ्या शहरात राहतात. त्यांचं पाणी माझ्याकडे राहतं.

सगळ्यात आधी, घर बघायला जाऊ नका. ताबा घेताना नारळ फोडलात, फोटो काढलात, झालं. किल्ली एजंटकडे द्या. तो भाडेकरू आणेल, भाडेकरूकडून एक महिन्याचं भाडं घेईल, तुमच्याकडून एक महिन्याचं घेईल, आणि मग तोही फोन उचलणार नाही.

भाडेकरू निवडताना आडनाव, आहार आणि लग्न झालंय की नाही ते तपासा. पगाराची स्लिप शेवटी, वेळ उरला तर.

करार अकरा महिन्यांचा करा, म्हणजे नोंदणी लागत नाही. हे ज्याने तुम्हाला सांगितलं त्यालाच कायमचा सल्लागार नेमा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधल्या कलम ५५ च्या वाटेला जाऊ नका. तिथे लिहिलंय की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. अकरा महिन्यांची सूट त्यात कुठेही नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर आणखी असं, की नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं. असलं वाचून माणसाची झोप उडते. हल्ली ही नोंदणी घरात बसून ऑनलाइन होते, पण तुम्ही नोटरीचा शिक्का मारून फाइल कपाटात टाका. शिक्का गोल असतो, छान दिसतो.

डिपॉझिट परत करताना भिंतीतली खिळ्यांची भोकं मोजा.

एक भाडेकरू गेला, दुसरा यायचा आहे, की लगेच रंग काढा. ओल आलेल्या भिंतीवर आधी रंग द्या आणि भाडं वाढवा. पोपडे यायला वेळ लागतो, तोवर टोकन आलेलं असतं.

सोसायटीशी संबंध तत्त्वाचे ठेवा. म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसपुरते, मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते त्या शुल्कापुरते. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, २००१ चा शासन आदेश आहे. आमच्या वरच्या मालकांना तो तारखेसकट पाठ आहे. वार्षिक सभेला एरवी न फिरकणारा हा माणूस त्या एका विषयाला व्हिडिओ कॉलवर हजर असतो, आणि बोलतो काय सुंदर! कायदा, हक्क, सहकाराचं तत्त्व. सोसायटीच्या आदर्श उपविधींची, म्हणजे नियमांची, पुस्तिका हातात धरून बोलतो. त्याच पुस्तिकेत असंही आहे की संडास, बाथरूम, सिंक यांतून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित फ्लॅटधारकाने करायचा. ते पान बहुधा चिकटलेलं असावं. ओलीने चिकटतात पानं.

तर, गळती. हा सल्ला जरा सविस्तर देतो, कारण यात मी आता बराच तयार झालोय.

खालच्या मजल्यावरून छताचा पहिला फोटो येईल. उघडू नका. उघडलात की निळ्या टिका दिसतात आणि खालच्या माणसाला उगाच आशा लागते. दुसऱ्या फोटोला ‘बघतो’ लिहा. तिसऱ्याला ‘पावसाचं असेल’ म्हणा. तो म्हणाला की एप्रिल चालू आहे, तर ‘मग तुमच्याच पाइपलाइनचं असेल’. तो प्लंबर आणून पाइप कोरडा असल्याचं दाखवेल, तेव्हा ‘बिल्डरनेच कामं निकृष्ट केलीत हो’ म्हणून त्याच्याशी एकदम सहमत व्हा. बिल्डरला शिव्या घालताना दोघंही एका बाजूला येता, वातावरण हलकं होतं आणि स्लॅब ठिबकत राहते.

फारच लावून धरलं तर एक माणूस पाठवा. त्याच्या पिशवीत पांढऱ्या सिमेंटची पुडी असते. तो फरशांचे सांधे भरतो आणि ‘दोन दिवस पाणी टाकू नका’ असं सांगून जातो. दोन दिवस पाणी टाकलं नाही तर गळती थांबतेच. त्या दोन दिवसांत कोरड्या छताचा फोटो मागवून घ्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘प्रश्न मिटला’ म्हणून टाका. खाली अंगठे येतील. तिसऱ्या दिवशी वर कोणीतरी आंघोळ करतं, तो भाग ग्रुपवर येत नाही. नहाणी ट्रॅपभोवतीचा, म्हणजे बाथरूमचं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीभोवतीचा, सांधा गेलाय, फरशी उखडून खालचं वॉटरप्रूफिंग नव्याने करायला हवं, पाणी भरून ठेवून तपासायला हवं आणि मगच नवी फरशी, असं कोणी सांगितलं तर तो माणूस लुटायला बसलाय. नंबर डिलीट करा.

तरी खालचा गप्प बसला नाही, तर भाडेकरूवर ढकला. ‘तेच पाणी फार वापरतात.’ वरची मंडळी पाणी फार वापरतात? त्या बाईंनी त्या बाथरूममध्ये कपडे धुणं बंद केलं. मुलांच्या आंघोळी दुसऱ्या बाथरूममध्ये नेल्या. आपणहून मला वर बोलावून सगळं दाखवलं आणि म्हणाल्या, ‘‘काका, फोडायला आमची हरकत नाही, चार दिवस अडचण सोसू, पण मालक हो म्हणत नाहीत.’’ त्यांचा गीझर कधीचा बंद, किचनच्या नळाला कापड बांधलेलं, आणि भाडं एक तारखेला जातंय. भाडं भरणारी माणसं माझी माफी मागतात, आणि भाडं घेणारा माणूस मला ‘ॲडजस्ट करा ना’ म्हणतो. कुठे ॲडजस्ट करू? पलंग सरकवून झाला. कपाट भिंतीपासून ओढून झालं. बाथरूममधला दिवा शॉर्ट होऊन गेला, तेव्हापासून आम्ही टॉर्च घेऊन जातो. ट्यूबच्या पट्टीतून पाणी उतरत होतं, हे त्यांना कळवलं. त्यावर हात जोडल्याची इमोजी आली.

असो. सल्ल्यावर येतो.

सेक्रेटरीसाहेबांना दिवाळीला मिठाई पाठवा. मग ते ‘हा दोन मेंबरांचा आपसातला मामला आहे’ असं तोंडभर म्हणू शकतात. पूर्वसूचना देऊन फ्लॅटची पाहणी करण्याचा अधिकार कमिटीला आहे, तो त्यांना अशा वेळी आठवत नाही.

परवा मात्र कमाल झाली. इतके दिवस माझ्या मेसेजला ‘बघतो’च्या पुढे न गेलेल्या या गृहस्थांचा आपणहून मला मेसेज आला. मी कामं टाकून उघडला. ‘नमस्कार. आपला वरचा टूबीएचके महिनाअखेरीस रिकामा होत आहे. ओळखीत चांगली फॅमिली असल्यास कळवावे. वेल मेंटेन्ड.’ सोबत फोटो. त्यात त्याच बाथरूमचा, पांढऱ्या सिमेंटचे सांधे चकचकीत दिसतील असा. भाडं मागच्यापेक्षा वाढवलेलं. मला! ज्याच्या छतातून ते वेल मेंटेन्ड रोज गळतंय, त्यालाच भाडेकरू शोधायला सांगतात!

त्यामुळे आता सल्ले पुरे.

अहो, आयकरात घरभाड्यावर सरकार तुम्हाला दरवर्षी ३० टक्के सरसकट वजावट देतं. महापालिकेचा कर वजा करून जे भाडं उरतं, त्यातले ३० टक्के, आणि खर्च केला की नाही याची एक पावतीसुद्धा न मागता. ही वजावट दुरुस्ती-देखभाल धरूनच दिलेली आहे. तुम्ही ती दरवर्षी घेता. सीए न विसरता लावतो. मग त्या पैशांतून एकदा तरी एक फरशी उचललीत? म्हैस तुमची, दूध तुमचं, आणि शेण मात्र खालच्याने काढायचं, हा कुठला न्याय?

आणि निदान स्वतःचा तरी विचार करा. ओल स्लॅबमध्ये मुरली की आतली सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. माझ्या छताचे टवके पडायला लागलेत आणि एका ठिकाणी सळई उघडी दिसते. ते माझं छत आहे, तशीच ती तुमच्या ‘ॲसेट’ची जमीन आहे. उद्या ती दुरुस्त करायला घेतली तर आज जो बाथरूमचा खर्च जड वाटतोय, तो चिल्लर वाटेल. तुम्हाला घर सांभाळायला वेळ नसेल तर पगार देऊन माणूस ठेवा. तेही परवडत नसेल तर विका आणि पैसे मुदतठेवीत टाका. तिचं पाणी निदान कोणाच्या डोक्यावर पडत नाही.

महिनाअखेरीला तुमचा फ्लॅट रिकामा होतोय. फोडायला याच्याइतकी चांगली वेळ पुन्हा येणार नाही, घरात कोणी नाही, कोणाची अडचण नाही. नवीन भाडेकरूचं टोकन घ्यायच्या आधी त्या बाथरूमची फरशी उखडा. स्वतः येऊन समोर उभं राहून करून घ्या. पाणी भरून ठेवाल तेव्हा माझ्या घरी या आणि छताकडे बघा, मी खुर्ची देतो. यायचं नसेल तर ‘काम सुरू करा, खर्च माझा’ एवढं ग्रुपवर लिहा, सगळ्यांसमोर, मी माणसं आणतो. आणि कृपा करून त्याच्याखाली हात जोडू नका.