पत्ते संपलेत, पण घाई काय आहे?

नेटवर्कच्या चाव्या तुमच्या हातात आहेत का? म्हणजे तुम्ही एखाद्या ऑफिसचे आयटी हेड, तालुक्याच्या गावातल्या ब्रॉडबँड कंपनीचे मालक, किंवा ‘आमचं सॉफ्टवेअर आम्ही बघून घेऊ’ म्हणणारे व्हेंडर आहात का? मग हे तुमच्यासाठीच. अधूनमधून कुणी उपटसुंभ येतो आणि विचारतो, ‘साहेब, आयपीव्ही६ कधी चालू करताय?’ (आयपीव्ही६, लाडाने व्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांना पत्ते द्यायची नवी पद्धत; जुन्या पद्धतीचे पत्ते संपलेत.) अशा माणसाला वाटेला कसं लावायचं, याचं रीतसर शिक्षण मी गेल्या तीन आठवड्यांत घेतलंय. स्वखर्चाने. तो उपटसुंभ मीच होतो.

वाईला आई एकटी असते. पडवीत एक, मागच्या दाराशी एक असे दोन कॅमेरे आणि कपाटावर एक छोटा डबा, एवढी माझी यंत्रणा. पुण्यात बसून रात्री एकदा बघायचं, कडी लावलीय ना, दिवा लागलाय ना. (‘त्याचं ॲप असतं की!’ म्हणणाऱ्यांनो, असतं. माझ्या आईची पडवी कुठल्या देशातल्या कुठल्या सर्व्हरवरून फिरून माझ्याकडे येते, हे त्या ॲपवाल्यालाही सांगता येत नाही.) चार वर्षं सुरळीत चाललं. मग एके दिवशी दिसायचं बंद झालं. राउटर बघितला तर बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होणारा. ज्यांना कळलं त्यांना कळलं. कंपनीने काही न सांगता आमचा स्वतःचा पत्ता काढून घेतला होता आणि आम्हाला सामायिक पत्त्यावर टाकलं होतं. कस्टमर केअरला म्हटलं, पत्ता परत नको, व्ही६ द्या. पलीकडून थोडी शांतता, मग प्रश्न:

‘सर, ते कुठलं चॅनेल आहे?’

असो. सल्ल्यांकडे वळू.

सर्वांत आधी, थांबा. दुसरा कोणी करतोय का ते बघा. घाईने केलेलं काम टिकत नाही, आणि इथे तर घाईचं काही कारणच नाही. जुन्या पद्धतीचे एकूण पत्ते ४२९ कोटी. १९८१ साली ती पद्धत कागदावर आली तेव्हा हा आकडा डोंगराएवढा वाटला होता. हे पुरणार नाहीत हे दहा-बारा वर्षांतच उमगलं आणि डिसेंबर १९९५ मध्ये आयपीव्ही६चा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. त्या महिन्यात जन्मलेलं बाळ आता होम लोनचे हप्ते भरतंय. ३ फेब्रुवारी २०११ ला जगाच्या मध्यवर्ती कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले, आणि त्याच एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिकची कणगीही तळाला गेली. म्हणजे धान्य संपून चौदा-पंधरा वर्षं झाली आणि आपण अजून ‘बघू, पुढच्या हंगामात पेरू’ म्हणतोय. चांगलं चाललंय. असेच थांबा. इंटरनेट कंपनीने म्हणावं, गिऱ्हाईक मागत नाही. वेबसाइटवाल्याने म्हणावं, कंपन्याच देत नाहीत. कॅमेरा बनवणाऱ्याने म्हणावं, बाजारात मागणीच नाही. आणि गिऱ्हाइकाला तर ते चॅनेल वाटतं.

दुसरं, नवा पत्ता लांबलचक आहे, लक्षात राहत नाही, हे कारण कायम खिशात ठेवा. बायकोचा मोबाइल नंबर तरी पाठ आहे का, असं कोणी विचारलं तर मीटिंग संपवा.

आता खरा रामबाण. सामायिक पत्ता.

वयाने पन्नाशीच्या पुढे असाल तर लग्नपत्रिकेवरचा ‘पी.पी.’ नंबर आठवत असेल. फोन शेजारच्यांचा, नाव आपलं. फोन आला की शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या, ‘अहो, तुमचा फोन!’ आपण ओल्या हाताने धावायचो. तुमच्या कंपनीने आज शेकडो घरांना मिळून एकच पी.पी. नंबर दिलाय, फक्त त्यातल्या काकू काढून टाकल्यात. आतून बाहेर फोन लावता येतो. बाहेरून आला तर कोणाला हाक मारायची हे कोणालाच ठाऊक नाही, म्हणून कोणालाच मारायची नाही. माझी पडवी अशीच बेपत्ता झाली.

या युक्तीचा मूळ कागद १९९४ चा आहे आणि त्यात स्वच्छ लिहिलंय की हा थोड्या काळापुरता उपाय. आपल्याकडे ‘तात्पुरता पर्यायी रस्ता’ अशी पाटी लागली की तिथे पुढे पानटपरी येते, रिक्षास्टँड येतो, मग नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक येतो. तसंच हे. आधी घरातल्या चार यंत्रांना मिळून एक पत्ता होता, तिथवर ठीक. मग २०१२ मध्ये कंपन्यांच्या पातळीवरच्या वाटपासाठी तो १०० वाला पट्टा राखून ठेवला गेला, आणि तुम्हाला कुरणच सापडलं.

त्याचे फायदे बघा. खालच्या आळीतल्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला, त्याने कुठेतरी धिंगाणा घातला, की त्या पत्त्यावरची सगळी आळी संशयित. मग मला रोज सकाळी नऊ चौकोनांतून बस शोधून दाखवावी लागते, मी माणूस आहे हे पटवण्यासाठी. बसच्या आरशाचा कोपरा शेजारच्या चौकोनात आला असेल तर तो बस धरायचा की नाही? बँकेचं पोर्टल म्हणतं, तुमच्याकडून फार वेळा प्रयत्न झाले. माझ्याकडून? मी आत्ता दात घासून आलोय! उद्या काही गुन्हा घडला आणि पोलिसांनी नुसता पत्ता घेऊन विचारलं, तर त्या सेकंदाला त्या पत्त्यावर अख्खं गाव. म्हणून तुम्ही कोणत्या घराला कोणत्या क्षणी कोणता पोर्ट, म्हणजे त्या सामायिक पत्त्यावरचा दार-क्रमांक, दिला याच्या नोंदी साठवत बसता, त्यासाठी यंत्रं घेता, डिस्क घेता, त्यांचं एएमसी भरता. या सगळ्याला पैसे आहेत. व्ही६ म्हटलं की मात्र ‘बजेट नाही सर’.

आणि मग तो मास्टरस्ट्रोक. माझा पत्ता काढून घ्यायचा आणि मलाच विकायचा. ‘सर, स्टॅटिक आयपी घ्या ना. वर्षाला अडीच हजार, अधिक जीएसटी.’ वा! वाड्याचा नळ तोडायचा आणि दारात टँकर उभा करायचा! टंचाई असली की धंदा होतो हे जगाला केव्हाच कळलंय. नॉर्टेल या टेलिकॉम कंपनीचं दिवाळं वाजल्यावर २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचे ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना घेतले, म्हणजे एका पत्त्याला सव्वाअकरा डॉलर. ॲमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून क्लाउडवरच्या प्रत्येक जुन्या पत्त्याला तासाला अर्धा सेंट भाडं लावलं. अर्धा सेंट म्हणजे काय असं वाटेल, पण तो रात्री झोपेतही चढतो, महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर जातो. आणि इकडे व्ही६ मध्ये एका घराला जो लहानात लहान तुकडा द्यायची रीत आहे, त्या एकट्या तुकड्यात जुन्या इंटरनेटएवढी ४२९ कोटी इंटरनेटं मावतात. लहानात लहान तुकड्यात! हे द्यायला तुमच्या तीर्थरूपांचं काय जातं? माफ करा. उपरोधिक लिहायचं ठरलं होतं.

बरं. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी एक सोपी युक्ती. डेटाबेसमध्ये पत्त्याचा रकाना पंधरा अक्षरांचा ठेवा. जुना पत्ता ठिपक्यांसकट पंधरात बसतो, नवा पूर्ण लिहिला तर एकोणचाळीस लागतात. भोसरीतल्या माझ्या एका गिऱ्हाइकाच्या हजेरी पोर्टलवर हेच होतं. कामगार मोबाइलवरून हजेरी लावायचे. मोबाइलवर व्ही६ आहेच. पोर्टल पहिली पंधरा अक्षरं ठेवायचं, बाकीची गिळायचं. तिथे एकाच मोबाइल कंपनीच्या लोकांची पहिली पंधरा अक्षरं सारखी निघाली, म्हणून पोर्टलच्या लेखी पहिल्या पाळीतले चाळीस जण म्हणजे एकच माणूस. कोणीतरी पाच वेळा पासवर्ड चुकवला आणि अख्ख्या पाळीची गैरहजेरी लागली. व्हेंडरने दोन दिवस अभ्यास करून उपाय काढला: सर्व्हरवर व्ही६ बंद. रकाना अजून पंधराचाच आहे.

फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कच्या दारवानाकडे, आयसीएमपी (यंत्रांनी एकमेकांना अडचणी कळवायचे निरोप) पूर्ण बंद करा, सुरक्षेच्या नावाखाली. व्ही६ मध्ये वाटेतले राउटर डेटाच्या मोठ्या पाकिटाचे तुकडे करत नाहीत, ‘पाकीट मोठं आहे, लहान करून पाठव’ अशी चिठ्ठी परत धाडतात. ती चिठ्ठीच दारात अडवली की पान अर्धं उघडतं आणि गोल फिरत राहतं. मग ठामपणे सांगा, ‘बघा, म्हणत होतो ना, व्ही६ ने नेट स्लो होतं.’

चालू करायची वेळ आलीच, तर फायरवॉलचे नियम फक्त जुन्या पत्त्यांसाठी लिहा. नव्याचं दार सताड.

टेंडरमध्ये ‘आयपीव्ही६ रेडी’ ही ओळ मात्र हवीच. रेडी म्हणजे चालू नव्हे, हे पुढे आपण बघूच. दूरसंचार विभागाचा पहिला आराखडा जुलै २०१० चा, दुसरा २०१३ चा, मग नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा नव्या तारखा आल्या, सरकारी कार्यालयांना ३० जून २०२२. तारीख येते तशी जाते, आपण जागचे हलायचं नाही.

एक कबुली देतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. हे काम सोपं नाही. जुन्या लँडलाइन नंबरापुढे ‘२’ हा आकडा लावला आणि शहराचं भागलं, तसं इथे झालं नाही. ज्यांनी आयपीव्ही६ आखलं त्यांनी जुन्याशी थेट बोलता येईल अशी सोयच ठेवली नाही. म्हणून दोन्ही शेजारी शेजारी चालवायचे, नियम दोनदा लिहायचे, चाचण्या दोनदा करायच्या, आणि मध्यरात्री काही बंद पडलं तर दोन ठिकाणी शोधायचं. वर या सगळ्याचा फायदा पहिल्या तिमाहीत ताळेबंदात दिसत नाही, तेव्हा साहेबांना काय दाखवणार? मी स्वतः दहा-पंधरा जणांच्या ऑफिसात हे केलंय. दोन शनिवार-रविवार गेले आणि प्रिंटर रुसला. पण झालं.

आणि गंमत बघा, जिथे करायचं ठरलं तिथे होतं. २०१६ मध्ये जिओ सुरू झाली तीच व्ही६ घेऊन, कारण कोट्यवधी गिऱ्हाइकांना पुरतील एवढे जुने पत्ते आणायचे कुठून? त्याच वर्षी १ जूनपासून ॲपलने सांगितलं, निव्वळ व्ही६ वर चालत नसेल तर ॲप घेणार नाही. ज्या ॲपवाल्यांना वर्षानुवर्षं ‘वेळ मिळत नव्हता’, त्यांना मिळाला. आज व्ही६ वापरात भारत जगात पहिल्या काही देशांत आहे. मंडईतल्या भाजीवाल्या मावशींच्या फोनला व्ही६ आहे. तुमच्या काचेच्या केबिनमागच्या, एसीत ठेवलेल्या, लाखो रुपयांच्या सर्व्हरला नाही.

शेवटचा सल्ला टेक्निशियनकडून शिकलो. शनिवारी मी स्वतः वाईला गेलो. राउटरचं पान उघडलं. आयपीव्ही६ असा रकाना होता, पुढे चौकोन, चौकोन रिकामा. टिक केली. चहा गाळून होईपर्यंत पत्ता आला. आला! कंपनीकडे व्ही६ होतं. आधीपासून होतं. एक नियम लिहिला आणि पुण्यातल्या मित्राला मोबाइलवर पडवी दिसली. टेक्निशियनला फोन लावला. पोरगा चांगला आहे, पावसातही खांबावर चढतो. तो म्हणाला, ‘सर, जोडणी करताना ती टिक पहिली काढायची असं सांगितलंय आम्हाला. कम्प्लेंट कमी येतात.’

अहो, कम्प्लेंट कमी येतात? तीन आठवडे अकरा फोन मी केले ते काय मोजले नाहीत? ज्या गोष्टीचं यंत्र तुम्ही विकत घेतलंत, जी तुमच्या तारेतून माझ्या आईच्या कपाटापर्यंत येऊन पोचलीय, ती शेवटच्या इंचावर एका टिकेने अडवायची आणि वर मलाच अडीच हजारांचा पत्ता विकायचा? लाज वाटायला हवी. मागणी नाही म्हणता, मागणाऱ्याला चॅनेल विचारता. सगळ्या जगाचं राहू द्या, दुसऱ्याने आधी करावं वगैरे राहू द्या. त्या पोराला दिलेली ती सूचना मागे घ्या. तुमच्या माणसाला त्या चौकोनाचा अर्थ अर्धा तास बसून समजावून सांगा. रकाना पंधराचा पंचेचाळीस करा. एवढं कामाच्या वेळेत होतं.

मंगळवारी रात्री कंपनीने लांबून राउटर अपडेट केला आणि टिक पुन्हा गेली. मी पुण्यात, आई वाईला. मग फोनवर सांगितलं: आई, चष्मा लाव. मोबाइलवर गूगल उघडतेस ना, तिथे वर लिही, एकशे ब्याण्णव टिंब एकशे अडुसष्ट टिंब एक टिंब एक. वीस मिनिटं लागली. ‘दिसतेय का रे?’ म्हणत ती पडवीत जाऊन उभी राहिली. दिसली. पासवर्ड तिने कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलाय, पुन्हा लागणार म्हणून.