भास्कराचार्यांच्या नावाने फिरणारं 'फुकट विजेचं चाक'

दोन महिन्यांपासून एक मेसेज फिरतोय. फॅमिली ग्रुपवर आला, बिल्डिंगच्या ग्रुपवर आला, ऑफिसातल्या एकाने तर मला प्रिंट काढून दाखवला. थोडक्यात असं आहे: भास्कराचार्यांनी ११५० साली कायम फिरणारं चाक बनवलं होतं, नळ्यांत पारा भरला की एक बाजू कायम जड राहते आणि चाक थांबतच नाही. जर्मनीतल्या बेसलरने १७१७ साली तसंच चाक केलं आणि ते बंद खोलीत ५४ दिवस फिरलं. इंग्रजांनी आणि नंतर तेल कंपन्यांनी ही विद्या दाबली. पृथ्वी फिरते तर चाक का नाही फिरणार? घरच्या घरी करा, लाईटबिल शून्य. खाली चित्र, आणि पारा किती घ्यायचा तेही.

एरवी मी अशा मेसेजच्या वाटेला जात नाही. पण माझ्या मामांनी हे चाक खरोखर केलंय आणि मी चार महिने दर रविवारी त्यांच्यासोबत होतो, त्यामुळे गप्प बसवत नाही. मामा चिंचपोकळीला चाळीत राहतात, गिरणीत फिटर होते, ८२च्या संपात नोकरी गेली आणि मग रिटायर होईपर्यंत लहानसहान वर्कशॉपमध्ये लेथवर. आता सत्तरीला आलेत पण हात अजून असा आहे की कागद घालून गॅप मोजतात.

पहिला मुद्दा, भास्कराचार्यांनी बनवलं होतं. बनवलं होतं असं कुठेही नाहीये. त्यांच्या सिद्धांतशिरोमणी या ग्रंथाच्या गोलाध्यायात यंत्राध्याय आहे, त्यात स्वयंवह, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या, यंत्राचं वर्णन आहे हे खरं. हलक्या लाकडाचं चाक, त्यात सारख्या पोकळीच्या, सारख्या अंतरावर, जराशा तिरक्या बसवलेल्या नळ्या, त्या पाऱ्याने अर्ध्या भरायच्या, तोंडं बंद करायची, दोन खांबांवर आस ठेवायचा, आणि मग ते आपोआप फिरतं असं लिहिलंय. मेसेजवाला इथे थांबला. पुढे आचार्य स्वतः काय म्हणतात ते कोणी फॉरवर्ड करत नाही. ते म्हणतात की अशी आपोआप चालणारी यंत्रं कुहकविद्येने नाना प्रकारची होतात, गोलाच्या विषयाशी याचा संबंध नाही, आधीच्यांनी सांगितलंय म्हणून मीही सांगितलं. कुहकविद्या म्हणजे जादूगिरी, हातचलाखी! आणि आधीचे म्हणजे कोण, तर ब्रह्मगुप्तांनी ६२८ सालीच अशा चाकाचं लिहून ठेवलंय. त्याच अध्यायात भास्कराचार्य सगळ्या यंत्रांत श्रेष्ठ म्हणून धीयंत्र सांगतात, धी म्हणजे बुद्धी, हातात एक काठी आणि डोक्यात गणित, बस. ज्या माणसाने हे लिहिलं त्याच्या नावावर आपण लाईटबिलाचं चाक खपवतोय याचं मला मनापासून वाईट वाटतं. अभिमानच बाळगायचा तर समीकरणं सोडवायच्या चक्रवाल पद्धतीचा बाळगा ना, कुठल्या संख्येच्या वर्गाला ६१ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग येतो, याचं सगळ्यात लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे आणि ते त्यांनी काढून ठेवलं होतं. फर्मा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने हेच कोडं १६५७ साली युरोपात चॅलेंज म्हणून टाकलं, पाचशे वर्षांनी.

आता मुख्य मुद्दा, एक बाजू कायम जड राहते. मामांनाही हेच पटलं होतं, आणि चित्र बघून कोणालाही पटेल. त्यांनी तीन फुटी प्लायचं चाक कापलं, लोहार चाळीतून वायरिंगचे पाईप आणून बारा तिरक्या नळ्या बसवल्या, नागदेवी स्ट्रीटवरून ६२०३ नंबरची दोन बेअरिंग आणली, थिनरने धुवून त्यातलं ग्रीस काढलं म्हणजे चाक अजून हलकं फिरेल, आणि पाऱ्याच्या जागी प्रत्येक नळीत एक इंची स्टीलचे तीन-तीन छर्रे. ढकललं की उतरत्या बाजूचे छर्रे घरंगळत कडेला जातात, चढत्या बाजूचे आसाजवळ येतात. बघताना वाटतंच की आता हे थांबणार नाही.

थांबलं. ३८ सेकंदांत.

मामा म्हणाले बॅलन्स चुकलाय. मग आम्ही खडूने खुणा केल्या आणि मोजत बसलो. उतरत्या बाजूला छर्रे लांब आहेत हे खरं, पण त्या बाजूला नळ्याच कमी असतात! पाच इकडे तर सात तिकडे. लांबवरचे थोडे आणि जवळचे जास्त, आसापासूनचं आडवं अंतर गुणिले वजन अशी दोन्हीकडची बेरीज केली तर पारडं सारखं, जो काय थोडा फरक उरला तो बेअरिंगच खाऊन टाकत होतं. पाईप वाकवून पाहिले, नळ्या चौदा केल्या, परत तेच. कारण एक फेरी पूर्ण झाली की प्रत्येक छर्रा जिथून निघाला तिथेच परत येतो, त्याच उंचीवर. चाळीत पाण्याचा हंडा पुढच्या जिन्याने चढवा नाहीतर मागच्या जिन्याने, तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर हंडा तेवढ्याच उंचीवर असतो, आणि खाली आणला की हिशोब शून्य. वाट कितीही वाकडी केली तरी गुरुत्वाकर्षण एका फेरीत एक पैसा जास्त देत नाही.

पण मामांनी जी खरी टेस्ट केली ती माझ्या डोक्यात आली नसती. त्यांनी छर्रे काढले आणि रिकामं चाक फिरवलं, तीन मिनिटं दहा सेकंद चाललं. मग छर्रे परत टाकून नळ्यांत चिंध्या कोंबल्या म्हणजे छर्रे हलणार नाहीत, आणि तेवढंच ढकललं. चार मिनिटांच्या वर! वजन तेच, बेअरिंग तेच, फक्त छर्रे घरंगळायचे बंद. म्हणजे ज्या घरंगळण्यामुळे चाक फिरायला हवं होतं त्यानेच ते थांबत होतं. मामा म्हणाले, "अरे तो खट खट आवाज येत होता ना, तो काय फुकट येतोय? तो चाकानेच भरलाय." चाळीस वर्षं मशिनींचे आवाज ऐकलेला माणूस आहे. प्रत्येक टोल्यात थोडी गती आवाज आणि उष्णता होऊन निघून जाते, मेयर, ज्यूल, हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञ मंडळींनी १८४०च्या दशकात जे ऊर्जेच्या अक्षय्यतेचं सांगितलं ते मामांना त्या खटखटीत कळलं.

ग्रुपवर एकाने उत्तर दिलं की छर्ऱ्यांनी नाही होणार, पाराच पाहिजे. गणिताला काही फरक पडत नाही, पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड म्हणून दोन्ही बाजू साडेतेरा पट जड होतात, आणि नळीत तो डुचमळतो त्यात गती जातेच. पण मामा हट्टाला पेटले. जुन्या बाजारातून दोन मोडके बीपी मोजायचे डबे आणले, त्यातला पारा काढून एका नळीत भरला, टोपण लावलं आणि चाक फिरवलं. टोपण निसटलं.

दहा बाय बाराच्या खोलीत पारा सांडणं काय असतं ते मी बघितलंय. कॉटखाली, पिंपामागे, फरशीच्या फटीत, राईएवढे चकचकीत मणी, बोट लावलं की एकाचे दहा. शेजारचं दीड वर्षाचं पोर दारातच होतं. त्याला आधी बाहेर काढलं, पंखा बंद केला, खिडक्या उघडल्या, टॉर्च जमिनीला टेकवून तिरपा धरला की मणी चमकतात, मग पत्त्यांच्या दोन पानांनी गोळा करून पाणी घातलेल्या बाटलीत, बारीक मणी चिकटपट्टीने. मामी झाडू घेऊन आल्या होत्या, त्यांना थांबवलं कारण झाडूने तो अजून पसरतो. त्यांच्या बोटातल्या अंगठीला एक मणी लागला होता, सोन्यावर पांढरा डाग पडला तो अजून आहे. पारा नुसत्या खोलीच्या गरमीतही वाफ होऊन उडतो, त्या वाफेला वास नाही, ती श्वासातून जाते आणि मेंदू आणि किडनीवर बसते, लहान मुलांना तर जास्तच. मेसेज लिहिणाऱ्याने पारा किती घ्यायचा ते लिहिलं, सांडला तर काय करायचं यावर एक ओळ नाही. या मेसेजमधली मला सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट हीच आहे.

बेसलरकडे येऊ. माणूस खरा, १६८०चा जन्म, आणि टोपणनाव ऑर्फिरियस, ते कसं केलं तर आडनावाचं प्रत्येक अक्षर रोमन बाराखडीत तेरा घरं पुढे सरकवलं आणि शेवटी लॅटिन शेपूट जोडलं, म्हणजे लपवाछपवीची आवड नावापासूनच. कासेलच्या राजाच्या वाड्यात त्याचं बारा फुटी चाक नोव्हेंबर १७१७मध्ये खोलीला सील लावून ठेवलं, मध्ये एकदा उघडून पाहिलं, आणि ४ जानेवारी १७१८ला शेवटचं सील काढलं तेव्हा ते फिरत होतं. हे सगळं नोंदलेलं आहे, मेसेज इथे खोटं बोलत नाही. पण चाक कापडाने झाकलेलं असायचं, आत काय आहे ते एकट्या राजाने पाहिलं, बाकी कोणाला दाखवायची किंमत २० हजार पौंड. ग्राव्हेसांडे नावाच्या डच शास्त्रज्ञाने १७२१ साली आस नीट तपासला, त्याला बाहेरून काही जोडलेलं दिसलं नाही आणि न्यूटनला त्याने तसं कळवलंही, पण या तपासणीनंतर बेसलरने रागाने चाक स्वतःच फोडून टाकलं. १७२७ साली त्याच्या मोलकरणीने जबानी दिली की शेजारच्या खोलीतून आम्ही आळीपाळीने हाताने चाक फिरवायचो. ग्राव्हेसांडेचा तिच्यावर विश्वास बसला नाही, हेही सांगायला हवं. पण मला सांगा, ज्याच्याकडे खरंच न थांबणारं चाक होतं तो चाक फोडल्यावर चोवीस वर्षं जिवंत होता, १७४५ साली पवनचक्कीच्या बांधकामावरून पडून गेला, आणि एवढ्या वर्षांत एकालाही चाक उघडून दाखवलं नाही? मामांनी हे ऐकून एवढंच विचारलं, "भाराखाली किती दिवस चालवलं?" ५४ दिवस ते रिकामंच फिरत होतं.

इंग्रजांनी दाबलं म्हणणाऱ्यांसाठी: गोलाध्यायाचं इंग्रजी भाषांतर लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रजानेच केलं, बापूदेव शास्त्री या आपल्या मराठी पंडिताने ते तपासलं, आणि १८६१ साली कलकत्त्यात छापलं गेलं, पाऱ्याच्या चाकासकट. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने मठ काढला ते सांगणारा, तो आपल्या मुंबईच्या भाऊ दाजींनी १८६५ साली लंडनच्या जर्नलमध्ये छापून आणला. आणि अशा चाकाला पेटंट का देत नाहीत तर भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्यात कलम ३(अ) आहे, निसर्गनियमांच्या उघड विरोधात दावा असेल तर तो शोध धरत नाहीत. अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसातही तेच लागू. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर १७७५ सालीच असे प्रस्ताव बघणं बंद केलं, या नादात संसार बुडाले हेही त्यांनी लिहिलं, आणि तेव्हा तेल कंपन्या नव्हत्या.

पृथ्वीचं सोपं आहे. ती मंदावतेय, भरती-ओहोटीच्या घर्षणाने दिवस शतकाला साधारण दोन मिलिसेकंदांनी लांबतोय. आणि नुसतं फिरत राहणं वेगळं, त्यातून वीज काढणं वेगळं.

लाईटबिलाचा हिशोब मी मामांच्या वहीत करून दिला. शंभर किलोचं वजन अकराव्या मजल्यावरून, म्हणजे ३३ मीटर, खाली सोडलं आणि काहीही वाया गेलं नाही तर नऊ वॅटचा एलईडी बल्ब एक तास चालेल. एकच तास! बिलातलं एक युनिट पाहिजे तर तेच वजन ३,६७३ मीटरवरून सोडावं लागेल, कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी पुरत नाहीत. आणि वजन परत वर न्यायचं ते वेगळं. मेसेजमधल्या तीन फुटी चाकावर फ्रिज आणि गीझर चालणार आहेत.

मामांनी ती दोन पानं दुमडून चष्म्याच्या डबीत ठेवली आणि दुसऱ्या रविवारी मला त्याच यंत्राध्यायातलं तिसरं स्वयंवह यंत्र वाचून दाखवायला सांगितलं. त्यात अंकुशासारखी वाकवलेली तांब्याची नळी आहे, पाण्याने भरून एक टोक भांड्यात बुडवायचं, दुसरं बाहेर खाली सोडायचं, की भांड्यातलं पाणी आपोआप बाहेर येतं आणि चाकाच्या घटिकांवर, म्हणजे कडेला बांधलेल्या लहान घड्यांवर, पडून चाक फिरवतं. कारागीर तिला कुक्कुटनाडी म्हणतात असं आचार्यांनी लिहिलंय. चाळीत पिंपातून पाणी काढताना पाईप तोंडाने ओढतात ना, तेच. मामा हसले, म्हणाले हे तर मामी रोज करतात.

आता गॅलरीत तेच चाक आहे, नळ्यांच्या जागी प्लास्टिकचे बारा कप, वर पिंप, खाली बादली. साडेपाचला नळाला पाणी येतं, पिंप भरतं, चाक सुरू होतं, खालचं पाणी मामी कपड्यांना वापरतात. सातला पाणी जातं, पिंप उतरतं, चाक हळू होत थांबतं, आणि मामा वहीत वेळ आणि बादल्यांची संख्या लिहितात. परवाची नोंद: एक तास बावीस मिनिटं, अकरा बादल्या.