खुलासा : ‘मिशनमधली पूरग्रस्त मुलं दत्तक मिळतील’

‘पुरात आई-वडील गेलेली चार लेकरं नागपुरात मिशनच्या आश्रमात आहेत. दत्तक हवी असतील तर लगेच फोन करा,’ असा मेसेज सदर-मोहननगरच्या ग्रुपांवर फिरतोय. कुठला पूर, कोणता आश्रम, काहीच लिहिलेलं नाही. ‘पुढे पाठवा, पुण्य लागेल’ हे मात्र न विसरता लिहिलंय!

असं मूल कोणालाच देता येत नाही; मिशनला नाही, मंदिराच्या ट्रस्टलाही नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार निराधार मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. आधी नातेवाइकांचा शोध, मग समिती मूल दत्तकासाठी मोकळं ठरवणार आणि दत्तक घेणाऱ्यांची नोंदणी ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पोर्टलवर. परस्पर दिलं-घेतलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख दंड किंवा दोन्ही.

घाई का नको, हे हैतीत दिसलं. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतले बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे १० स्वयंसेवक ३३ ‘अनाथ’ मुलं कागदपत्रांशिवाय सीमेपार नेताना पकडले गेले. त्यांतल्या बहुतेकांचे आई किंवा वडील जिवंत होते.

याच मेसेजच्या जोरावर ‘मिशनवाले पोरं पळवतात’ अशीही आवई काहींनी उठवलीय. पुरावा तिलाही नाही. पुरात अन्न-कपडे वाटणं वेगळं, मूल ताब्यात ठेवणं वेगळं. त्यासाठी संस्थेची या कायद्याखाली नोंदणी लागते, ती बघायला मागा.

एकटं मूल दिसलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा. फोन फुकट आहे.