काउगर्ल चित्रकारांनी घडवली? मुळीच नाही

सध्या एक पोस्ट जिकडेतिकडे फिरते आहे. अमेरिकन पश्चिमेची चार चित्रं आणि खाली मजकूर: काउगर्ल, म्हणजे घोड्यावरून गुरं राखणारी बाई, कधी नव्हतीच, ती चित्रकारांनी आणि सर्कसवाल्यांनी घडवली, रँचवरच्या, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या शेतांवरच्या, खऱ्या बायका चुलीपाशीच असायच्या. ही चित्रं आणि त्या काळचे फोटो मी वर्षानुवर्षं जीव लावून पाहत आले आहे. मला हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी चित्रकारांचं घेऊ. या परंपरेतलं फार मोठं नाव फ्रेडरिक रेमिंग्टन. उधळणारे घोडे, सैनिक, गुराखी, १८९५चं ‘ब्रोंको बस्टर’ (उधळ्या घोड्याला वठणीवर आणणारा) हे ब्राँझचं शिल्प. त्याच्या कामात बाई शोधायला बसा, दमून जाल. पश्चिमेचं चित्र लोकांच्या मनात ज्याने पक्कं केलं, त्याने तिला जवळजवळ गाळूनच टाकलं. मग तिला घडवल्याचा ठपका चित्रकारांवर कसा ठेवायचा?

आता चूल. माँटानातल्या टेरी गावाजवळ इव्हलिन कॅमेरॉन ही इंग्रज बाई नवऱ्याबरोबर रँच करायची. १८९४मध्ये ती फोटो काढायला शिकली. शेजारपाजारच्या रँचवरच्या बकली बहिणी, त्यांचे घोडे, गुरं, सगळं तिने काचेच्या प्लेटांवर टिपलं. तिचा स्वतःचा पीठ मळतानाचा फोटो आहे, आणि १९१२चा दुसरा, ‘जिम’ घोड्याच्या पाठीवर ताठ उभी असलेला. हे दोन फोटो शेजारी ठेवून पाहाच. चूलही तिची, घोडाही तिचाच. मधोमध विभागलेला स्कर्ट घालून ती पुरुषासारखी मांड टाकून माइल्स सिटीत गेली, तेव्हा अटक होईल अशी तंबी तिला मिळाली होती. (आपल्याकडे काष्ट्याच्या नऊवारीने हा प्रश्न कधीच सोडवला होता.) तिच्या निगेटिव्ह एका मैत्रिणीच्या तळघरात पडून होत्या, त्या १९७०च्या दशकाच्या अखेरीस उजेडात आल्या. पुरावा तळघरात होता, म्हणून बाई नव्हती असं होत नाही.

आणि मालकीण? टेक्सासची विधवा मार्गारेट बोरलँड १८७३मध्ये मुलांना बरोबर घेऊन स्वतःची गुरं हाकत कॅन्ससमधल्या विचिटापर्यंत गेली. तिथेच ती वारली.

कॅलेंडरांवरच्या तोकड्या कपड्यांतल्या ‘काउगर्ल’ पुरुषांनी पुरुषांसाठी काढल्या, हे मला मान्य आहे. त्यांचा रँचशी काही संबंध नाही.

राहिली सर्कस. सर्कशीसारख्या खेळांत आणि रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या कसबाच्या स्पर्धांत, या बायका होत्याच, पण घोडा त्या आधी घरी शिकल्या. ल्युसिल मुलहॉल ओक्लाहोमात वडिलांच्या रँचवर वाढली. फॅनी स्पेरी माँटानातली. १९१२मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत उधळ्या घोड्यावर टिकून तिने बायकांचं अजिंक्यपद जिंकलं. १९२९मध्ये ऑरेगॉनमधल्या पेंडलटनच्या रोडिओत बॉनी मॅकॅरोल उधळ्या घोड्यावरून पडली आणि त्यातच वारली. त्यानंतर तिथे बायकांची उधळ्या घोड्यांची स्पर्धाच बंद करण्यात आली. १९४८मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँजेलोत ३८ जणी जमल्या आणि त्यांनी स्वतःची रोडिओ संघटना काढली.