'शुक्रतारा' अशुभ म्हणणाऱ्यांनी आधी ते गाणं शेवटपर्यंत ऐका

आमच्या सांगलीतल्या मावशी-काकांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, विश्रामबागला घरगुती कार्यक्रम ठेवलाय, गाण्यांच्या यादीत 'शुक्रतारा मंद वारा' सगळ्यात वर होतं आणि परवा ते काढून टाकलं. का, तर मावशीच्या नणंदबाईंनी फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला. मेसेज काय, तर हे प्रेमगीत नाहीच, मेलेल्या प्रेयसीच्या आत्म्याशी चाललेलं बोलणं आहे, शुक्र आणि चंद्र एकाच वेळी आकाशात दिसत नाहीत म्हणजे ती रात्र या जगातली नाही, 'स्वप्न' आणि 'जन्म' या पुनर्जन्माच्या खुणा, म्हणून मंगलकार्यात वाजवलं तर जोडप्यातला एक जण जातो, आणि कवीने स्वतः मुलाखतीत हे कबूल केलंय. काकांची नुकतीच अँजिओप्लास्टी झालीय. असं वाचल्यावर मावशी काय करणार?

पहिलं ते चंद्र-शुक्राचं, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा केलाय. हे लिहिणाऱ्याने कधी संध्याकाळी मान वर करून बघितलंय का? शुक्र आकाशात सूर्यापासून साधारण ४७ अंशांच्या पलीकडे जातच नाही, म्हणून तो एकतर सूर्य मावळल्यावर पश्चिमेला दिसतो नाहीतर पहाटे पूर्वेला, आणि अमावस्येनंतरची कोवळी चंद्रकोर पण संध्याकाळी पश्चिमेलाच असते, त्यामुळे शुक्र संध्याकाळचा असतो त्या काळात चंद्र दर महिन्याला त्याच्या जवळून जातो, पेपरात फोटो येतात त्याचे. माई घाटावर उभं राहा, नदीपलीकडे सांगलवाडीच्या बाजूला बघा, ढग नसले तर दोन्ही दिसतील आणि खाली कृष्णेच्या पाण्यात उजेड पण दिसेल. गाण्याच्या पहिल्या ओळीत हेच आहे, तारा, वारा आणि पाण्यातलं चांदणं. परलोक कुठून आणला यात?

शुक्राचा आणि लग्नाचा संबंध आहे, एवढं मान्य करतो. पंचांगात शुक्राचा अस्त असला की लग्नाचे मुहूर्त धरत नाहीत. पण अस्त म्हणजे शुक्र सूर्याच्या इतका जवळ की दिसेनासा होतो. गाण्यात तर तो डोळ्यांसमोर आहे! मग अशुभ कसं?

आता आत्मा. अहो, हे द्वंद्वगीत आहे. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, १९६२ मधलं गाणं, आणि अरुण दात्यांबरोबर सुधा मल्होत्रा गातायत. तो 'तू अशी जवळी रहा' म्हणतो, ती 'तू असा जवळी रहा' म्हणते, दोघं एकमेकांना उत्तर देतायत. आणि शेवटचं कडवं तर तिचंच आहे, 'शोधिले स्वप्नात मी ते ये करी जागेपणी'. स्वप्नात जे शोधत होते ते जागेपणी हातात आलं असं ती स्वतः सांगते, पुढे म्हणते की माझा जीव फुलांनी लगडून फांदीसारखा वाकलाय. ज्या 'स्वप्न' शब्दावरून यांनी भूत काढलं, ते स्वप्न संपून खरं माणूस समोर आल्याचं गाणं आहे हे. पन्नास वर्षं एकमेकांजवळ राहिलेल्या माणसांसाठी याहून योग्य गाणं मला तरी माहीत नाही.

पुनर्जन्माचं थोडक्यात, ओळीत 'जन्म हा' आहे, म्हणजे हाच जन्म, मागचा नाही पुढचा नाही.

राहिली मुलाखत. नणंदबाईंना मी फोन करून विचारलं कुठली, तर म्हणाल्या मला आलं तसं पुढे पाठवलं. खळे २०११ ला गेले, पाडगावकर २०१५ ला, दाते २०१८ ला, म्हणजे 'मी असं बोललोच नाही' म्हणायला तिघांपैकी कुणी नाही. मुलाखत कुठल्या साली, कुठल्या पेपरात, कुणी घेतली ते सांगा, आणि सांगता येत नसेल तर गेलेल्या माणसाच्या तोंडी असलं घालायचं बंद करा.